मूल्यं आधी जमाखर्चाच्या वहीत शोधा

प्रभूमध्ये सलाम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजलं ते असं: इंदुरातली तुमची मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, साठेक घरांची, बहुतेक मराठी. पुढच्या वर्षी तिला पन्नास वर्षं पूर्ण होतात. पंचकमिटीने तुम्हाला सांगितलं की मंडळीचं दर्शन आणि मूल्यं एका पानात लिहून द्या. स्मरणिकेत छापू आणि दाराशी संगमरवरी पाटीवर कोरून घेऊ. तुम्ही दहा-बारा मंडळ्यांची अशी पानं मिळवून वाचलीत. सगळीकडे प्रेम, सेवा, ऐक्य, प्रार्थना. त्यातूनच जुळवून मसुदा केलात, तर तरुण संघातले म्हणाले, हे हिंदीत का नाही. आणि ज्येष्ठांनी विचारलं, मराठी उपासना चालू राहील असं यात कुठे लिहिलंय? तेव्हापासून कागद तुमच्या बॅगेतच आहे. आता तुम्ही विचारताय, शब्द कसे निवडावेत म्हणजे सगळ्यांना पटेल.

मी पाळक, म्हणजे पास्टर, नाही. बँकेत तीस वर्षं नोकरी केली, आमच्या मंडळीची अठरा वर्षं खजिनदार होते आणि पुढे सेक्रेटरी. निवृत्तीनंतर इंदूर, महू, खंडवा, बऱ्हाणपूर आणि पलीकडे भुसावळपर्यंत नऊ मंडळ्यांबरोबर याच कामासाठी बसले. चार ठिकाणी काम मनासारखं झालं, तीन ठिकाणी नुसता कागद झाला, दोन ठिकाणी अर्ध्यातच थांबलं. सांगते ते त्या सगळ्यातून आलेलं आहे.

सगळ्यांना पटतील असे शब्द तुमच्याकडे आत्ताच आहेत. प्रेम, सेवा, ऐक्य यांना कोण नाही म्हणणार? पण तुमच्या मसुद्यावर आलेले दोन प्रश्न शब्दांबद्दलचे नाहीतच. ज्येष्ठांच्या मनात आहे, उद्या मी अंथरुणाला खिळले तर माझ्या भाषेत प्रार्थना करायला कोणी येईल का? तरुणांच्या मनात आहे, माझी बायको हिंदी घरातली, मुलांना मराठी कळते पण बोलता येत नाही. आम्ही इथे घरचे की पाहुणे? दोघांच्याही पोटात एकच काळजी आहे: ही मंडळी कोणाची, आणि पुढे कोणाची असणार? मंडळीने या प्रश्नाला अजून तोंड दिलेलं नाही, म्हणून तुमच्या कागदावर त्याचं उत्तर येत नाही. एकट्या माणसाने घरी बसून लिहिण्यासारखी ही गोष्ट नव्हे. तुमचं चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. कमिटीने तुम्हाला चुकीचं काम दिलं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलते. तुम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असाल तर ब्रीद आधीच ठरलेलं आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या, आणि ऐक्य, साक्ष, सेवा हे तीन शब्द तेव्हापासूनचे आहेत. तुम्हाला नवं ब्रीद लिहायचं नाही. या तीन शब्दांचा तुमच्या गल्लीत, तुमच्या साठ घरांत काय अर्थ होतो एवढंच सांगायचं आहे, आणि पान बिशप कार्यालयाला दाखवून घ्यायचं आहे. तुमची मंडळी स्वतंत्र असेल तर ट्रस्टची किंवा सोसायटीची नोंदणी झाली तेव्हाची उद्दिष्टं काढून वाचा. तुमचं पान त्यांच्याशी विसंगत असलं तर पुढे मालमत्तेचा किंवा निवडणुकीचा वाद निघाला की तोच कागद कोणीतरी हातात धरून उभा राहतो. तिसरी गोष्ट पाळकांची. त्यांची बदली होत असेल तर पान त्यांच्या आवडीनिवडीवर उभं करू नका. त्यांनीच मंडळी स्थापन केली असेल तर त्यांच्याच संमतीने पहिली बैठक त्यांच्याशिवाय घ्या. लोक त्यांच्यावर प्रेम करतात, म्हणूनच त्यांच्यासमोर खरं बोलणार नाहीत.

आता 'दर्शन' या शब्दाबद्दल. तुम्ही वाचलेल्या पानांपैकी निम्म्यांवर तरी पवित्र शास्त्रातल्या नीतिसूत्रांच्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अठरावं वचन असेल: दर्शन नसलं की लोक अनावर होतात. पुढचा अर्धा भाग क्वचितच छापतात. तो म्हणतो, नियमशास्त्र पाळणारा धन्य. मूळ इब्री शब्द संदेष्ट्यांना देवाकडून जे दिसे-ऐकू येई त्यासाठीचा आहे. तेव्हा या वचनातलं दर्शन म्हणजे आपण दहा वर्षांनी किती मोठे होऊ याचा आराखडा नव्हे. देव काय बोलतोय ते ऐकणं आणि ऐकलेलं पाळणं, असं ते आहे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आराखडा मनाजोगा करता येतो. ऐकायला बसलं की नको असलेलंही कानावर येतं.

पंडिता रमाबाईंचं बघा. केडगावची जमीन त्यांनी घेतली ती शेती आणि फळबाग करून शारदा सदनाचा, त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेचा, खर्च भागावा म्हणून. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या आपल्याकडे मध्य प्रांतात आल्या, उपाशी मुली आणि विधवा पाहिल्या, आणि शेकडोंना घेऊन परतल्या. फळबागेच्या जागी मुक्ती सदन उभं राहिलं. त्यांनी आपली योजना बदलली, पण ज्याच्या हाकेला ओ दिली तो बदलला नाही. कोणी मला दर्शनाचा अर्थ विचारला की मी केडगावचं नाव घेते.

आता मूल्यांकडे येते, कारण खरं काम तिथे आहे. मूल्यं ठरवायची नसतात, आधी शोधायची असतात. तुमच्या मंडळीला पन्नास वर्षं झाली. तिची मूल्यं केव्हाच लिहून झालेली आहेत. ती जमाखर्चाच्या वहीत आहेत, रविवारच्या सूचनांत आहेत, पाळकांच्या भेटींच्या डायरीत आहेत आणि बाकांवर आहेत.

आमच्याकडे आम्ही हे काम केलं तेव्हा सगळ्यात आधी मी लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या टेबलावर ठेवल्या. भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं, 'दुर्बलांची सेवा हे आमचं ब्रीद'. त्याच चौकटीखाली बसून आम्ही तीन वर्षांची पानं उलटली. एका वर्षात माइक आणि स्पीकरवर ४२,००० रुपये. नाताळचं जेवण आणि रोषणाई त्याच्या आसपास. बाहेरून आलेल्या वक्त्यांचा प्रवास वेगळा. आणि 'आजारी व विधवा साहाय्य' या सदरात १,८०० रुपये, तीन नोंदी, तिन्ही एकाच घराला. खोलीत कोणी बोलेना. मग मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला विचारलं, बाई, वहीत चूक तर नाही ना? त्या वहीवर ऑडिटरची सही होती, आणि खाली माझी.

पण त्याच वहीत दुसरंही सापडलं. फार जुन्या वर्षापासून दर जूनमध्ये एक नोंद होती, 'शाळा फी, दोन मुलं'. रक्कम आधी दहा-वीस रुपये, मग शंभर, मग हजार. खजिनदार बदलले, अक्षर बदललं, नोंद कधी चुकली नाही. भिंतीवर तिचा उल्लेख नव्हता, उपदेशात कधी नाव निघालं नव्हतं. आमच्या मंडळीने पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट प्रामाणिकपणे सांभाळली होती: आपल्यातल्या कोणाच्या मुलाची शाळा पैशावाचून सुटू द्यायची नाही. आमच्या पानाची पहिली ओळ तीच झाली. नवी नव्हती, फक्त पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने वाचली.

म्हणून म्हणते, वही उघडताना नुसता दोष काढायचा म्हणून उघडू नका. कृपाही तिथेच लिहिलेली सापडते.

बाकांची गोष्ट सांगायला मला जड जातं, तरी सांगते. झाबुआ-अलीराजपूरकडची भिल्ल कुटुंबं बांधकामावर इंदूरला येतात हे तुम्हाला माहीतच आहे. त्यातली काही ख्रिस्ती. अशी चार कुटुंबं आमच्याकडे यायला लागली. मागे भिंतीला लागून सतरंजी असे, ती मंडळी तिथे बसत. बाकांवर जागा रिकामी असे. कोणी त्यांना उठवलं नाही, कोणी पुढेही बोलावलं नाही. आम्हाला वाटायचं, त्यांना तिथेच बरं वाटत असेल.

एका रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर वाटून घेण्याचा विधी. त्या दिवशी ती मंडळी सगळ्यांच्या शेवटी पुढे आली. शेवटची एक बाई, डोक्यावर पदर, कडेवर मूल. ती गुडघ्यावर आली, ओंजळ पुढे केली, आणि ताटलीत भाकर उरली नव्हती. पाळकांनी हळू आवाजात थांबायला सांगितलं आणि मागच्या खोलीत गेले. दोन मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ ती बाई ओंजळ तशीच धरून होती, आणि मूल तिच्या रिकाम्या तळहातात बघत होतं. भाकरीचे तुकडे किती करायचे ते दर वेळी मी सांगत असे. त्या सकाळीही मीच मोजून सांगितलं होतं. मी बाकांवरची डोकी मोजली होती.

करिंथच्या मंडळीला पौलाने प्रभुभोजनावरून जे खडसावलं, एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो, ते मी लहानपणापासून ऐकत आले. ते माझ्याबद्दल आहे हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मोजायला उभी राहिले की मी सतरंजीपासून सुरुवात करते.

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण तुमच्या मराठी-हिंदीच्या वादाचा याच्याशी थेट संबंध आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुन्हा वाचा. यरुशलेमातल्या पहिल्या मंडळीत कुरकुर झाली ती भाषेच्या भिंतीवरून. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी काय केलं? 'आपण सगळे एक आहोत' असा ठराव केला नाही. सात माणसं नेमली आणि वाटप त्यांच्या हाती दिलं. त्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे पाच: सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेतल्या माणसांकडे पळी दिली. मूल्य कसं लिहावं याचा याहून चांगला धडा मला मिळालेला नाही. तिथे माणसाचं नाव आहे, काम आहे, आणि पातेल्याची जबाबदारी आहे.

आता तुमच्याच मंडळीत बघा, कोण कोणासाठी दुर्लक्षित आहे. मराठी ज्येष्ठांना वाटतं आपल्याला बाजूला सारताहेत, आणि शहराच्या दृष्टीने ते खरंच लहान गट आहेत. पण तीच ज्येष्ठ मंडळी एखाद्या हिंदी सुनेला वर्षानुवर्षं 'ती तुमच्यातली' म्हणत असतील. आणि दोघंही मिळून सतरंजीकडे पाठ करून बसलेले असतील. म्हणून 'मराठी टिकवणे' हे मूल्य म्हणून लिहू नका आणि 'सर्व भाषांना समान स्थान' असंही लिहू नका. पहिल्याने भिंत होते, दुसऱ्याने काहीच होत नाही. कोणाला कुठल्या वेळी कोणती भाषा लागते ते लिहा.

भाषा ही सवय असते, सोडा आता, असं मी कधीच म्हणणार नाही. या शहरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम १८७७ साली सुरू झालं, १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभं राहिलं, आणि इथल्या मंडळ्या बहुतेक हिंदीतच वाढल्या. आपली मराठी माणसं नगरकडून, जालन्याकडून, नागपूरकडून नोकरीसाठी आली आणि ट्रंकेत मराठी पवित्र शास्त्र आणि 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक घेऊन आली. नारायण वामन टिळक सांगत की तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो. त्यांची भजनं ज्यांच्या ओठांवर बसली, त्यांच्यासाठी ती भाषा म्हणजे विश्वासाचं हाडच असतं.

हे मी एम. वाय. हॉस्पिटलच्या वॉर्डात पाहिलं. आमच्यातल्या एका आजींना पक्षाघात झाला. साठ वर्षं इंदुरात काढलेल्या, भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी फर्डं हिंदी बोलणाऱ्या. त्या आजारात हिंदी सगळं गेलं, नर्स बोलली तर नुसतं बघत राहायच्या. नातू बारावीत, मराठी बोलायला लाजणारा. मी पिशवीतून पवित्र शास्त्र काढून त्याच्या हातात दिलं आणि तेविसावं स्तोत्र उघडून दिलं. तो म्हणाला, मावशी, मला मराठी येत नाही. मी म्हटलं, वाचता तर येतं, लिपी तीच आहे. त्याने अडखळत वाचायला सुरुवात केली. 'मेंढपाळ' नीट म्हणाला, 'हिरव्या कुरणात'वर थांबला. आजींचा ओठ हलायला लागला. तो थांबला की त्या पुढचा शब्द म्हणायच्या, अर्धा, तुटका, पण बरोबर. त्या दिवशी मुलगा ते पुस्तक मागून घरी घेऊन गेला.

यातून आम्ही एक गोष्ट लिहिली: आजारी माणसाकडे सात दिवसांच्या आत कोणीतरी जाईल, आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत वचन वाचेल. मराठी, हिंदी, भिली, मल्याळम, ज्याची जी असेल ती. आणि त्यासाठी तरुण संघातल्या मुलांना महिन्यातून एकदा मराठी वचन मोठ्याने वाचण्याचा सराव द्यायचा असं ठरलं. 'ळ' आणि 'च'चे दोन उच्चार सोडले तर देवनागरी वाचणाऱ्या पोरांना फार अडत नाही. वाद ज्यावरून पेटला होता त्याच भाषेसाठी तरुण कामाला लागले, कारण त्यांना आता कोणी 'मराठी वाचवा' म्हणत नव्हतं. कोणाच्या तरी आजीकडे जा म्हणत होतं.

इथपर्यंतचं थोडक्यात पुन्हा मांडते, मग कृतीकडे येते. तुमच्या कागदाचं अडलंय कारण मंडळीने एकमेकांना खरा प्रश्न विचारलेला नाही. दर्शन म्हणजे आराखडा नव्हे, ऐकणं आणि पाळणं. मूल्यं वहीत आणि बाकांवर आधीच आहेत, बरी आणि वाईट दोन्ही. आणि लिहायचं ते असं की कोणाला तरी उठून काही करावं लागेल.

आता कसं करायचं. मसुदा बाजूला ठेवा, फाडू नका. आठ-दहा आठवडे हातात ठेवा. एक माणूस वह्या वाचेल, एक गेल्या वर्षभराच्या सूचना वाचेल, एक पाळकांबरोबर बसून कोणाकडे भेटी झाल्या ते बघेल. मग बैठका घ्या, वेगवेगळ्या: महिला मंडळाची वेगळी, तरुणांची वेगळी, साठीपुढच्यांची वेगळी, आणि जे कधीच बैठकीला येत नाहीत त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या ओट्यावर. एकत्र बैठकीत नेहमीचीच पाच माणसं बोलतात. विचारायचं इतकंच: या मंडळीने तुम्हाला कधी धरून ठेवलं, आणि कधी सोडलं? 'आपली मूल्यं काय असावीत' असं विचारलंत तर उपदेश ऐकायला मिळेल. धरलं कधी आणि सोडलं कधी विचारलंत तर माणसं दिवसाचं नाव घेऊन सांगतात. एका मंडळीत एक बाई फक्त एवढंच बोलल्या, 'आमच्या ह्यांच्या वेळी पाळकबाई तीन रात्री माझ्याजवळ झोपायला आल्या.' त्या मंडळीचं अर्धं पान त्या एका वाक्यातून निघालं.

बैठकांची टिपणं घेणारा माणूस वाद घालणारा नको. आणि शेवटी लिहिणारे दोनच असावेत, जास्त नको. एक ज्येष्ठ, एक तरुण. आधी मराठीत लिहा. मग हिंदीत दुसऱ्याच कोणीतरी लिहावं, मराठीचा शब्दाला शब्द न लावता. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. जिथे हिंदीत वाक्य पोकळ वाटतं तिथे मराठीतही ते पोकळच होतं असं कागदापर्यंत पोचलेल्या प्रत्येक ठिकाणी मला दिसलं.

पाच-सहा ओळींवर जाऊ नका. प्रत्येक ओळ 'आम्ही' ने सुरू होऊ दे आणि क्रियापद असं असू दे की वर्षाअखेर विचारता यावं, झालं की नाही. 'आम्ही एकमेकांवर प्रेम करतो' हे विचारता येत नाही. 'आम्ही दर तीन महिन्यांनी जमाखर्च उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाचून दाखवतो' हे विचारता येतं. पैशांच्या पारदर्शकतेवर मोठे शब्द लिहिलेल्या दोन मंडळ्या मला माहीत आहेत जिथे पाच वर्षं वही कोणी पाहिली नव्हती. म्हणून ही ओळ मी प्रत्येक ठिकाणी सुचवते, आग्रहाने.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा: लढाईची भाषा. 'इंदूर प्रभूसाठी जिंकू', 'प्रत्येक गल्ली काबीज करू' असं बाहेरच्या नमुन्यांतून उचललेलं पुष्कळांच्या पानावर येतं. तुमच्या दाराची पाटी शेजारचा दुकानदार रोज वाचणार आहे. त्याला काय वाटेल? आपल्या राज्यात १९६८ पासून धर्मांतराबद्दल कायदा आहे, वातावरण तुम्ही जाणताच, पण मी हे भीतीपोटी सांगत नाही. यरुशलेमात शिंगरावर बसून आलेल्या प्रभूच्या दारावर ही भाषा शोभत नाही. बाप्तिस्मा हा ज्याचा त्याने, मोकळ्या मनाने घ्यायचा निर्णय. साक्ष म्हणजे शेजाऱ्याच्या घरी मयत झाली तर आपण सगळ्यात आधी पाणी भरायला पोचतो का, हे.

क्षमेबद्दल लिहिणार असाल तर जपून लिहा. इंदूरच्या माणसांना यासाठी बाहेरचं उदाहरण शोधायची गरज नाही. १९९५ साली उदयनगरकडे काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची बसमधून प्रवास करताना हत्या झाली; आदिवासींना सावकाराच्या विळख्यातून सोडवणं हा त्यांचा गुन्हा. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी राणी मारियांना इथे इंदुरातच धन्य घोषित करण्यात आलं, कॅथलिक मंडळीत ती संतपदाच्या आधीची पायरी. आपण प्रोटेस्टंट असलो तरी ही आपल्या मातीतली साक्ष आहे. पण नीट बघा: त्या माणसावर खटला चालला, शिक्षा झाली, आणि मग ज्या बहिणीचं दुःख होतं तिने स्वतः क्षमा केली. मंडळीने तिच्यावतीने केली नाही. कोणी पैसे खाल्ले किंवा कोणा मुलीला त्रास दिला, की 'आपण क्षमा करणारी मंडळी आहोत' म्हणून प्रकरण दाबायचं, असं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तुमच्या पानावर क्षमेची ओळ असेल तर तिच्याच शेजारी लिहा की तक्रार कोणत्या दोघांकडे करायची आणि ते ती लपवणार नाहीत. त्या दोघांपैकी एक व्यक्ती बाई असावी.

पाटीचं शेवटी. स्मरणिकेत छापा, हरकत नाही. संगमरवरावर दोन वर्षं तरी कोरू नका. आमचं पान आम्ही साध्या कागदावर लिहून जमाखर्चाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं. वार्षिक सभेत आधी ते वाचतात, मग हिशेब. पहिल्या वर्षी आमची तिसरी ओळ होती, 'आम्ही मागे बसलेल्यांना पुढे बाकावर बोलावतो'. आम्हाला ती फार आवडली होती. दुसऱ्या वर्षीच्या सभेत त्याच बाईला कोणीतरी विचारलं, तुम्ही पुढे का येत नाही? ती म्हणाली, पोरगं रडतं, मला दाराजवळच बरं. पुढे कशाला बोलावता, कोणी माझ्याजवळ येऊन बसत का नाही?

ती ओळ त्याच सभेत खोडली आणि वर पेनाने लिहिलं, 'आम्ही सतरंजीवर बसतो'. दर रविवारी दोन घरांची पाळी असते. या महिन्यात आमची आहे.